शिवाजीनगरात ऐकलेलं सिंगापूर

या गं पोरींनो, अशा जवळ सरकून बसा. पोरी म्हणते, पण तुमच्या गुडघ्यांचे आवाज मला इथवर ऐकू येतात. आधी चार शब्द बोलून घेते, मग प्रवासाचं सांगते. मिलकाताईच्या ओटीवर बसून तुम्ही काज करायला शिकलात, परकराला नेफा घालायला शिकलात, तिच्या हातचा चिकाचा हलवा बोटं चाटून खाल्लात. आणि इतक्या वर्षांत तिला फोन एकीनं केला नाही. नातवंडांचे फोटो मात्र मला सकाळ-संध्याकाळ येतात. असो. रागावत नाही, पण मनात होतं ते बोलले.

ज्यांना ती ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मिलकाताई आमच्या रेवदंड्याच्या इस्रायली आळीतली. आमच्याकडे या यहुदी लोकांना शनवार तेली म्हणायचे. पूर्वी घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून. घाणे केव्हाच गेले, नाव राहिलं. ही माझ्याहून बरीच मोठी. दुसऱ्या महायुद्धानंतर आईबरोबर सिंगापुराहून गावी आली. वडील लढाईत गेले, एवढंच आम्हाला माहीत. कसे गेले ते कुणी विचारलं नाही. पुढं लग्न होऊन बेंगळुरूला गेली ती तिथलीच झाली. नवरा गेला, मुलगा गेला, आता ती आणि सून शैला.

त्या शैलाचा फोन आला. बेळगावकडची ती, बोलते गोड. "अक्का, तुम्ही एकदा येऊन जावा की. अत्तींचा एक डोळा गेला, दुसऱ्याचं ऑपरेशन करायचं म्हणतात, आणि ह्या ऐनवेळी हातच देत नाहीत."

"हात कशाला, डोळ्याचं ऑपरेशन ना?"

"तेच तर. मनगटाला नावाची पट्टी बांधतात की दवाखान्यात. ती बांधून घेत नाहीत. दोनदा नेलं, दोनदा परत आणलं."

अत्ती म्हणजे कानडीत सासू. मी पिशवी भरली.

रविवार, इलेक्ट्रॉनिक सिटी

बेंगळुरूत पहिला मुक्काम भाच्याकडे. नितीन तिथं कंपनीत आहे. त्याच्या बिल्डिंगीत इतके मजले, की खालच्या माणसाची टोपी दिसते, माणूस दिसत नाही. गॅलरी आहे, पण तिथं कपडे वाळत घालायचे नाहीत, असा सोसायटीचा नियम. मी लुगडं वाळत घातलं आणि दहा मिनिटांत खालून फोन आला.

"आत्या, प्लीज, व्ह्यू खराब होतो म्हणतात."

"माझ्या लुगड्यानं?"

"आत्या, प्लीज."

आमच्याकडे दारात कपडे दिसले नाहीत तर शेजारीण विचारायला येते, बरं आहे ना म्हणून. इथं उलटं. पाणी टँकरनं येतं, भाजी मोबाइलवरून येते, आणि शेजारी कोण राहतं ते नितीनला माहीत नाही. पोरगा मात्र गुणी. माझ्यासाठी ज्वारीची भाकरी मागवली. पुठ्ठ्याच्या खोक्यातून आली बिचारी, वाकडी झालेली.

त्याला मिलकाताईचं सांगितलं. तो म्हणाला, "आत्या, म्हातारी माणसं हट्टी होतात. एजमुळे होतं." मलाही तसंच वाटत होतं, खोटं कशाला बोलू. मी जाऊन चार शब्द रागावेन आणि काम होईल, अशा बेतानंच मी निघाले होते.

सोमवार, चिकपेट

शैला मला चिकपेटेत भेटली. मिलकाताईनं ऑपरेशनच्या आधी मलिद्याचा नवस बोलला होता. त्यांच्या एलियाहू हन्नाबी पैगंबराचं नाव घेऊन करतात तो मलिदा, भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, वर फळं. ताटावर घालायला कोरं कापड हवं, ते घ्यायला आम्ही गेलो.

चिकपेटेची गल्ली म्हणजे दोन्ही बाजूंनी कापडाचे ढीग आणि मधून आपण. हातगाडी आली की भिंतीला चिकटायचं. दुकानातला अण्णा गादीवर बसून थान उलगडत होता. मला दोनच कानडी शब्द येतात, बेकु आणि बेडा, हवं आणि नको, आणि त्यात मी गोंधळ घातला. तो रंगीत थान दाखवी, मी ठासून म्हणे, "बेकु, बेकु." तो आणखी उलगडी. माझ्यापुढं डोंगर झाला तेव्हा शैला हसत हसत म्हणाली, "अक्का, तुम्ही सगळं दुकान मागताय की हो." अण्णाला काही वाटलं नाही. "परवागिल्ला," म्हणाला, चालायचंच, आणि घड्या घालू लागला. शेवटी मी पांढरं मलमल निवडलं, त्याला बोटभर लाल काठ. देवाच्या कामाला लाल काठ शोभेल, असा माझा विचार.

रिक्षात शैला बोलली. "अक्का, घरात दिवा लागतो पण त्यांना वात दिसत नाही आता. परवा गॅसजवळ पदर गेला. मी दिवसभर कामाला. कुणाच्या भरवशावर ठेवू सांगा? रागावले मी त्यांच्यावर. म्हटलं, एवढीशी पट्टी, तिला काय काटे आहेत?"

"मग?"

"म्हणाल्या, तू बांध तुझ्या हाताला."

सोमवार दुपार, शिवाजीनगर

बेंगळुरूतही एक शिवाजीनगर आहे. तिथल्या बाजाराच्या मागं, पत्र्याचं काम करणाऱ्या दुकानांच्या ओळीत एक जिना आहे, त्यावर मिलकाताईचं घर. खाली ठोकठोक, वर शांत. दाराच्या चौकटीवर त्यांची ती मेझुझा, प्रार्थनेच्या कागदाची डबी, तिला बोट लावून मी आत गेले. लहानपणी तिच्या आईकडे जाताना लावायचे तशी.

खिडकीत बसली होती. केवढी मोठी बाई होती ती, आता उशीएवढी झालीय. लांब बाह्यांचं पोलकं, तसंच. मान तिरकी करून माझ्याकडं बघितलं, कोंबडी बघते तसं, एका डोळ्यानं.

"कुशे, तू जाडी झालीस का माझा डोळा तुला फुगवतो?"

"डोळा बरोबर आहे तुझा. मग ऑपरेशन कशाला करतेस?"

हसली. हात धरून बसवलं. गावातल्या एकेकाची चौकशी केली. मी सांगत गेले, कोण गेलं, कोण आहे, कुणाचं घर विकलं गेलं. शैलानं पोहे भिजत घातले, नारळ फोडला. त्या घरातला तो वास गावच्या घरासारखाच होता, एवढंच की खिडकीतून उसळ-पावाऐवजी बिर्याणीचा वास येत होता.

ताट मांडलं आणि मी पिशवीतून कापड काढून तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं चाचपलं, सुताचा पोत बघितला, शिवणकाम केलेली बोटं ती. मग उजेडाला धरलं. लाल काठ दिसला असावा. घडी घातली, बाजूला ठेवली आणि म्हणाली, "शैले, माझी जुनी ओढणी घाल ताटावर."

"काय झालं गं? नवीन आहे," मी म्हटलं.

"नवीन आहे ते कळतंय मला. पांढऱ्यावर लाल नको."

मी रागवायला गेले होते ना, तर मी सुरुवात केली. की बाई, हे नको, ते नको, पट्टी नको, सुनेचा जीव टांगणीला लावलास. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "झालं तुझं? आता मी बोलते. शैले, तूही बस."

आणि तिनं सांगितलं. तिच्या बोलण्यातच लिहिते, मला जमेल तसं.

"बाबा सिंगापूरच्या गोदीत सुतार. मी लहान, शाळेत घालायच्या वयाची. इंग्रज हरले तेव्हा तेलाच्या टाक्या पेटल्या होत्या. आभाळ असं काळं, की वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी बसायची. मग जपानी आले. त्यांनी फर्मान काढलं, जितके यहुदी असतील त्यांनी हजर व्हायचं आणि दंडाला पट्टी बांधायची. पांढऱ्यावर लाल, आणि कोण ते लिहिलेलं. तिच्याशिवाय बाहेर पडायचं नाही.

"तिथले यहुदी बहुतेक बगदादकडचे. उजळ, व्यापारी, सगळ्यांना माहीत असलेले. त्यांना लपायला जागा नव्हती. आम्ही सावळे, आई नऊवारीतली, बोलणं मराठी. शेजारीपाजारी आम्हाला बॉम्बेवाले म्हणायचे. आई बाबांना म्हणाली, गावाला आपल्याला लोक काय म्हणतात? शनवार तेली. तेच सांगा. खोटं थोडंच आहे? फक्त शनवार गाळा. शनवार म्हटलं की कळेल त्यांना.

"शिपाई दारात आला, बरोबर एक तमिळ दुभाष्या, मोडकंतोडकं हिंदुस्तानी बोलणारा. विचारलं, तुम लोग कौन? बाबा म्हणाले, हम तेली है. तो म्हणाला, तेल का काम? बाबांना वाटलं, सुटलो. जोरजोरात मान हलवली. हां हां, बाप, दादा, सब तेल. दुभाष्यानं शिपायाला काय सांगितलं देव जाणे. शिपाई खूश झाला, बाबांच्या खांद्यावर थाप मारली. आईनं त्या दिवशी गोड केलं गो."

खालची ठोकठोक तेवढी चालू होती. शैलाच्या हातात खोवणी तशीच.

"त्यांना जमिनीतलं तेल हवं होतं, कुशे. विमानाचं, गाड्यांचं. जळलेल्या टाक्या, विहिरी, सगळं परत चालू करायचं होतं. तेलाचे कारागीर ते हुडकतच होते. थोड्या दिवसांनी ट्रक आला आणि बाबांना घेऊन गेला. समुद्रापलीकडे, जिकडं तेल निघतं तिकडं. आई ट्रकमागं धावली, ओरडत होती, तो सुतार आहे, तो सुतार आहे. मराठीत ओरडत होती. कोण ऐकणार?"

"मग?" शैलानं विचारलं.

"मग आईनं मला घेतलं आणि चालत त्यांच्या कचेरीत गेली. म्हणाली, आम्ही खोटं बोललो, आम्ही यहुदी. आमची पट्टी द्या आणि माझा माणूस परत द्या. त्यांनी पट्टी दिली."

शैला उठून सासूजवळ बसली.

"माझ्या दंडाला ती सैल व्हायची. आईनं आतून दुमड घालून शिवली. मी बघत बसले होते, टाका कसा घालते ते. आधी आमच्यातल्या पुरुषांना छावणीत नेलं. लढाई संपत आली तेव्हा बायकापोरांनाही. टॅपिओकाचा पाला उकडून खायचा, पहारेकरी दिसला की कमरेत वाकायचं, वाकायला विसरलं की आईला मार. उपाशी राहिलो, पण ते जाऊ दे. ज्यांनी पहिल्या दिवशीच खरं सांगून पट्टी बांधली होती ना, त्यांच्यातल्या पोरींचे बाबा परत आले. वाळून काठी झालेले, पण आले. आई मरेपर्यंत एकच म्हणायची, शनवार गाळायला नको होता."

तेव्हा मला एक आठवलं. आमची आई कुंपणावरून तिच्या आईला हाक मारायची, "अगं ए तेलीणबाई", प्रेमानंच, सगळेच मारायचे. ती माऊली कधी ओ द्यायची नाही. नावानं हाक मारली की मगच वळायची. आम्ही म्हणायचो, सिंगापूर बघून आली म्हणून तोरा आहे.

शैला डोळे पुसत म्हणाली, "अत्ती, आधी बोलला असता तर मी तसं बोलले असते का हो?"

"तुला कशाला सांगू? तू कामावरून दमून येतेस."

मलिद्याचं ताट जुन्या ओढणीखाली राहिलं होतं. तिनं बोटांनी चाचपून ओढणी बाजूला केली, आपली प्रार्थना पुटपुटली, आणि आम्हा दोघींच्या हातावर मलिदा ठेवला. मग आपणहून म्हणाली, "गुरुवारी जाऊया. शैलाचे हाल होतात, तेही मला कळतंय. त्यांनी बांधली तर बांधू दे. मी मागणार नाही एवढंच."

गुरुवार, डोळ्यांचा दवाखाना

दवाखान्याचं नाव लिहीत नाही, माणसं चांगली होती. काचेचं दार, थंडगार हवा, ओळीनं बसलेली म्हातारी माणसं, प्रत्येकाच्या कपाळावर, ज्या डोळ्याचं ऑपरेशन त्या बाजूला, चिकटपट्टीचा तुकडा. आमच्याकडे अलिबागेला डोळ्याचं शिबिर भरतं तेव्हा गलका असतो, डबे उघडलेले असतात. इथं सगळे गप्प, मोबाइलवर.

मी सिस्टरला बाजूला घेऊन सांगितलं, शैलानं कानडीत समजावलं. सिस्टर केरळची, तरुण, भली. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, पट्टी नसेल तर आत चुकीच्या माणसाला घेतील, चुकीचा डोळा करतील, म्हणून नियम आहे. पायाला बांधू का? मिलकाताई म्हणाली, "पायाला कशाला, मी काय कोंबडी आहे? हाताला बांध."

हात पुढं केला. बाही मी वर सारली. पांढरी प्लास्टिकची पट्टी, सिस्टरनं हळूच गुंडाळली, खटकन लावली. मिलकाताईनं विचारलं, "काय लिहिलंय तिच्यावर?"

मी वाचलं. "तुझं नाव. वय. उजवा डोळा."

"आणि?"

"आणि काही नाही."

"नीट बघ."

मी उलटसुलट करून बघितली. "काही नाही गं, ताई."

मान हलवली. मला वाटलं, झालं, पार पडलं. सिस्टर रक्तदाब बघायला लागली आणि तिचा चेहरा बदलला. परत बघितला. आत गेली, डॉक्टरीणबाईंना घेऊन आली. मिलकाताई आपली ताठ बसलेली, हात मांडीवर, पण ओठ पांढरे, कपाळावर घाम. छातीत दुखतं का म्हणून विचारलं तर म्हणाली, "दुखतंय, पण तुम्ही करा तुमचं."

डॉक्टरीणबाई शैलाकडे वळून म्हणाल्या, "इवत्तु बेडा." आज नको. या वेळी तो शब्द मला बरोबर कळला.

त्यांनीच कात्रीनं पट्टी कापली. पट्टीवाचून करू, मी जबाबदारी घेते, असंही म्हणाल्या. पण शरीरानं जे ऐकायचं ते ऐकलं होतं. शेजारच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं, छातीचा कार्डिओग्राम काढला, तपासण्या झाल्या. ते म्हणाले, आता या वयात, या छातीला ऑपरेशनचं टेबल दाखवू नका. पट्टी बांधा, न बांधा, मी परवानगी देणार नाही. डोळ्याचं विचारलं तर डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. मोतीबिंदू पिकलाय, आत दाबही वाढतोय. थेंब घालायचे. काही महिने उजेड राहील, माणसं ओळखू येतील. मग नाही.

बाहेर बाकावर बसलो. मिलकाताई शैलाचा हात शोधत होती.

"शैले, तुम्ही सांगितलंत तसं मी सगळं केलं ना?"

"केलंत अत्ती, सगळं केलंत."

"मग ते आता काय म्हणतात?"

ते मीच सांगितलं, होतं तसं. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "भूक लागली. इडली मिळेल का कुठं?" समोर दर्शिनीत उभ्यानं इडली-वडा खातात, तिथून शैलानं आणली. आम्ही तिघींनी त्याच बाकावर खाल्ली. तिनं सांबार सांडू दिलं नाही, वाटी कुठं आहे ते बोटानं धरून ठेवलं होतं.

शनिवार

शनिवारी तिच्या घरी चूल पेटत नाही, आदल्या दिवशीचं खायचं. शैलाला सुट्टी होती. तिनं घरातली भांडी एका ओळीत लावून सासूला हातानं ओळख करून दिली, हे मीठ, हे पाणी, इकडं गॅस, इकडं यायचं नाही. दोघी भांडत होत्या, मिलकाताई म्हणे, मला माझं घर शिकवतेस का. बरं वाटलं ऐकून. भांडण चालू असलेलं घर उभं राहतं.

निघताना तिनं मला खिडकीशी उभं केलं. दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं, इकडं वळवलं, तिकडं वळवलं. हनुवटीवरचा तीळ बघितला, गेलेला दात बघितला. कितीतरी वेळ. मग म्हणाली, "बस, आलीस ध्यानात. आता सुलू कशी दिसते गो? प्रमिला? ती चपट्या नाकाची, उलटा टाका घालायची, ती? आईचा चेहरा मला आठवतो. बाबांचा नाही आठवत. मी नीट बघितलाच नव्हता, ट्रकच्या दिवशी मी आईकडं बघत होते. बाकीच्यांचे तरी बघून ठेवते."

मी म्हटलं, सांगते सगळ्यांना.

तर पोरींनो, हे एवढ्यासाठी लिहिलं. फोटो पाठवू नका, फोटोतलं तिला दिसत नाही. स्वतः जा. स्टेशनावर उतरून रिक्षावाल्याला शिवाजीनगर सांगा, पत्र्याच्या दुकानांची ओळ विचारा, जिना अरुंद आहे, हळू चढा. दुपार व्हायच्या आत पोचा, तेव्हा तिच्या खिडकीत ऊन असतं आणि चेहरा ओळखू येतो. लवकर जा गं.